पुतण्याचा क्यूआर, मुलाचा ओटीपी आणि खातं मात्र तुमचं

पत्र गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचं आहे. नाव-गाव देत नाही, मजकूर थोडक्यात असा. वय एकसष्ट. यजमान गेल्यापासून घर, हापूसची कलमं आणि पर्यटकांसाठी काढलेल्या दोन खोल्या सगळं त्याच बघतात. बँक शृंगारतळीला, म्हणजे एसटीने जायचं, रांग लावायची, परतीच्या गाडीची वाट बघायची, दिवस जातो. पर्यटक हल्ली रोख देतच नाहीत, जीपे आहे का विचारतात, म्हणून पडवीत पुतण्याच्या नावाचा क्यूआर लावलाय, पैसे त्याच्या खात्यात जातात आणि तो सवडीने आणून देतो. बँकेत मोबाईल नंबर दिलाय तो डोंबिवलीच्या मुलाचा. मुलगा म्हणतो, आई, कार्ड आणि पासवर्ड सगळं माझ्याकडे दे, मी इथून करतो, तुझ्या डोक्याला ताप नको. ताईंना स्वतः शिकायचंय, पण मागच्या आंब्याच्या सीझनला वाडीतल्या एका बागायतदाराचे फोनवरून पैसे गेले तेव्हापासून त्यांनी धसका घेतलाय. त्या विचारतात: "ऑनलाइन केलंच नाही तर निदान पैसे सुरक्षित तरी राहतील ना? आणि करायचंच झालं तर मुलाच्या हातात दिलेलं बरं नाही का? मला इंग्रजी येत नाही, या वयात चूक झाली तर निस्तरणार कोण?"

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारताय ऑनलाइन करू की नको, पण पत्र नीट वाचलं तर तुमचा व्यवहार ऑनलाइन कधीच झालाय, फक्त तो तुमच्या हातात नाहीये. पर्यटकांचे पैसे ऑनलाइनच येतात, पुतण्याकडे. बँकेचे मेसेज ऑनलाइनच जातात, मुलाकडे. खात्याला आधार जोडलेला आहे, एटीएम कार्ड कपाटात आहे. आणि यातलं काहीही घडलं तरी तुम्हाला ते कळणार कधी, तर पासबुक भरून आणाल तेव्हा, जे तुम्हीच लिहिलंय की गणपतीच्या आधी एकदा आणि शिमग्याला एकदा होतं. म्हणजे मध्ये पाच-सहा महिने खात्यात काय चाललंय हे खातेदारालाच माहीत नाही. याला मी सुरक्षित म्हणणार नाही.

'मी ऑनलाइन नाही म्हणजे माझे पैसे सुरक्षित' हे बऱ्याच लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय म्हणून त्यावर जरा थांबतो. आधार जोडलेल्या खात्यातून गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीकडे, किंवा पोस्टमनकडच्या मशीनवर अंगठा लावून पैसे काढता येतात, बऱ्याच घरांत पेन्शनचे पैसे असेच निघतात आणि ती चांगली सोय आहे, पण त्याला ना स्मार्टफोन लागतो ना ओटीपी. अंगठ्याच्या ठशाची नक्कल करून असे पैसे काढल्याचे गुन्हे देशात झालेत, आणि त्यात फसलेल्या कित्येकांनी आयुष्यात कधी बँकेचं अ‍ॅप बघितलं नव्हतं. त्यावर उपाय म्हणजे आधारचं बायोमेट्रिक लॉक, आधारच्या सरकारी अ‍ॅपमधून ते होतं, आणि अंगठा लावायची वेळ आली की तेवढ्यापुरतं उघडायचं. पण तो उपायसुद्धा फोनवरूनच करायचा आहे, म्हणजे फोनला लांब ठेवून तुम्ही धोका लांब ठेवत नाही, धोका कळायची सोय तेवढी लांब ठेवता.

आता वाडीत काय झालं ते बघू, तुम्ही सविस्तर लिहिलंय ते बरं केलंत. फोन आला, मी सैन्यात आहे, आमच्या युनिटला दहा पेट्या हापूस पाहिजे, भाव तुम्ही सांगाल तो. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्राचा फोटो आला, वर्दीतला. मग म्हणाला आमच्याकडे पेमेंट आधी होतं, तुम्हाला क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका की पैसे जमा. त्यांनी टाकला आणि पैसे गेले. मग म्हणाला अरे चुकून उलटं झालं, परत एकदा करा म्हणजे दोन्ही मिळून येतील, आणि त्यांनी परत केलं.

ही सैन्याच्या नावाची पद्धत जुनी आहे आणि देशभर चालते, कुठे जुनं फर्निचर विकणाऱ्याला, कुठे भाड्याने घर देणाऱ्याला, आपल्याकडे आंबेवाल्याला आणि होमस्टेवाल्याला. यात अ‍ॅप बिघडलं नाही, बँकेचं कुलूप कोणी तोडलं नाही. चोराने त्यांच्याकडूनच पैसे पाठवून घेतले. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं हे की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे पाठवायला, किंवा स्वतःचा बॅलन्स बघायला. यूपीआयचा, म्हणजे फोनवरून थेट खात्यातून पैसे पाठवायच्या पद्धतीचा, चार किंवा सहा आकडी पिन म्हणजे चेकवरची तुमची सही समजा, कोणी म्हणालं की मी तुम्हाला पैसे देतो, त्यासाठी तुमच्या चेकवर सही करून मला द्या, तर तुम्ही त्याला उभं करणार नाही. पिन टाकायचा चौकोन दिसतो ना, त्याच पानावर वर बारीक अक्षरात कोणाला आणि किती ते लिहिलेलं असतं, आणि घाईत माणूस तेच वाचत नाही. पिन टाकायच्या आधी ते नाव आणि तो आकडा मोठ्याने वाचायचा. घरात कोणी नसलं तरी मोठ्याने. ही सवय सुरुवातीलाच लागली तर फार उपयोगाची आहे.

पूर्वी 'रिक्वेस्ट' पाठवून पैसे उकळायचे, म्हणजे तुमच्या अ‍ॅपवर मेसेज यायचा आणि तुम्ही मंजूर केलं की पैसे जायचे, ते दोन साध्या ग्राहकांमधलं प्रकरण १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलंय. क्यूआरचा प्रकार मात्र तसाच चालू आहे, कारण तिथे पाठवणारे तुम्हीच असता.

आता मुलाचं. ताई, तुमच्या मुलाच्या हेतूबद्दल मला काडीची शंका नाही, आईची दगदग वाचावी म्हणून तो म्हणतोय. पण त्यात एक गृहीत धरलेलं आहे की तो शिकलेला, मुंबईत राहणारा, म्हणून त्याच्याकडे पैसे जास्त सुरक्षित. तसं दिसत नाही हो. डॉक्टर, निवृत्त अधिकारी, आयटीतली मुलं, सगळे फसलेत. 'डिजिटल अरेस्ट' म्हणून जो प्रकार चालतो, व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बसवून माणसाला तासन्‌तास घाबरवून ठेवतात, त्यात गेलेल्यांत शिकलेल्यांची काही कमी नाही, आणि असं कॉलवर अटक करणं कायद्यात कुठेच नाही हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये सांगितलं तरी लोक अजून फसतातच. लोकलच्या गर्दीत फोन मारला गेला तर त्या एका फोनमध्ये त्याचंही खातं आणि तुमचंही.

दुसरी गोष्ट जरा नियमाची आहे पण समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलंय की ग्राहकाच्या संमतीशिवाय खात्यातून ऑनलाइन पैसे गेले तर नुकसान कोणी सोसायचं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसंच लागू केलं. त्यात असं आहे की चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मध्येच कुठे काही झालं, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तरी शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार तुमच्या अंगावर, त्याच्या पुढे गेलं तर बँकेचं धोरण असेल तसं. पण पिन, पासवर्ड, ओटीपी तुम्ही स्वतः दुसऱ्याला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. आणि हा 'दुसरा' म्हणजे चोरच असायला पाहिजे असं नाही, बँका आपल्या अटींमध्ये कोणालाही देऊ नका म्हणतात त्यात घरचे पण आले. मुलाला पासवर्ड दिला आणि पुढे काही वाकडं झालं तर बँक पहिलं तेच विचारेल.

आता हे तीन दिवस तुमच्या पासबुकाशेजारी ठेवून बघा. मेसेज डोंबिवलीला वाजतो, मुलगा मीटिंगमध्ये, त्याला वाटतं आईनेच काढले असतील. तुम्हाला कळणार गणपतीत.

तिसरं पैशाचं नाहीये पण लिहितो. होमस्टेची वही तुम्ही ठेवता, गवत काढायला, फवारणीला येणाऱ्या माणसांचा हिशोब तुम्ही करता, मार्केटला पेटी किती गेली आणि दलालाने पट्टी काय लावली ते तुम्हाला तोंडपाठ असतं. अशा बाईला पाचशे रुपये कोणाला द्यायचे तर आधी मुलाला फोन, असं झालं तर ते तुम्हालाच बरं वाटणार नाही, पत्रातही तुम्ही एका ओळीत तसं म्हटलंच आहे. मुलाला मदतच करायची असेल तर सरळ मार्ग आहेत. खातं दोघांच्या नावावर करता येतं, त्याला त्याचा वेगळा युजर आयडी मिळतो, त्याचं तो वापरेल, तुमचं तुम्ही. नॉमिनी लावलाय का तेही याच निमित्ताने बघून घ्या, यजमानांचं नाव तसंच राहिलेलं असतं बऱ्याच ठिकाणी.

मग सुरुवात कशी करायची. मी सांगतो तो क्रम पाळा, कारण लोक अ‍ॅपपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडतात.

पहिलं काम अ‍ॅपचं नाही, शाखेतलं आहे. पासबुक, आधार आणि पॅन घेऊन जा आणि खात्याचा मोबाईल नंबर बदलून तुमचा स्वतःचा लावा. फॉर्म भरून देतात, काही ठिकाणी एक-दोन दिवस लागतात. त्याच फेरीत एसएमएस अलर्ट चालू आहेत ना ते विचारा. हे एवढं केलंत आणि पुढे काहीच नाही केलंत तरी आजच्यापेक्षा तुम्ही पुष्कळ सुरक्षित असाल, कारण रुपया हलला तर फोन तुमचा वाजेल.

दुसरं, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह याच्यावर आहे: ऑनलाइनसाठी वेगळं छोटं खातं ठेवा, आणि शक्यतो दुसऱ्या बँकेत. यजमानांचे आलेले पैसे, मुदत ठेवी, हे सगळं जिथे आहे त्या खात्याला यूपीआय जोडूच नका. त्याच बँकेत दुसरं खातं काढलं तर नेटबँकिंगच्या एका लॉगिनमध्ये दोन्ही दिसू शकतात आणि ठेवसुद्धा ऑनलाइन मोडता येते, म्हणून दुसरी बँक म्हणतो. पोस्टात जाणं सोपं पडत असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊनसुद्धा उघडून देतो. त्या छोट्या खात्यात पाच-दहा हजारांच्या वर ठेवायचं नाही, सीझनला पर्यटकांचे पैसे साठले की महिन्यातून एकदा मोठ्या खात्यात पाठवून द्यायचे. तुमच्या मनात जी भीती आहे ना, की एका चुकीत सगळं जाईल, ती घालवायला मला दुसरा उपाय माहीत नाही. कितीही धीर दिला तरी भीती तशी जात नाही, पण जास्तीत जास्त किती जाऊ शकतं हा आकडा आपणच ठरवला की हात आपोआप स्थिर होतो. मोठ्या खात्याला अ‍ॅप हवंच असेल तर शाखेत विचारा, बऱ्याच बँका नुसतं बघायचे अधिकार देतात, पाठवायचे नाहीत.

मग अ‍ॅप. भीम घ्या नाहीतर गुगल पे, फोनपे, कुठलंही चालेल, सगळे एकाच यूपीआयवर चालतात आणि मराठी भाषा निवडता येते, त्यामुळे इंग्रजीची चिंता सोडा. फक्त प्ले स्टोअरमधून घ्यायचं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाईल दाबून नाही. अ‍ॅप सुरू करताना ते तुमच्या सिमवरून आपोआप एक एसएमएस पाठवतं, त्यावरूनच त्याला कळतं की नंबर याच फोनमध्ये आहे. इथे आपल्याकडचे लोक हमखास अडकतात कारण रिचार्ज संपलेला असतो किंवा रेंज नसते, आणि तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, गेल्याशिवाय रेंज येत नाही. तर हे काम घरी करत बसू नका, शृंगारतळीला गेलात की तिथेच करा, किंवा सड्यावर जाऊन करा. पुढे पिन बनवायला एटीएम कार्ड लागतं, कार्ड नसेल तर काही बँकांना आधारच्या ओटीपीवर पण चालतं. पिन जन्मतारखेचा नको, फोनचं लॉक उघडायला जे आकडे ते पण नकोत. आणि नव्या जोडणीला पहिले २४ तास साधारण पाच हजारांचीच मर्यादा असते, जास्त पाठवायला गेलात आणि नाही गेले तर घाबरू नका.

पहिला व्यवहार मुलाला एक रुपया. खरंच एक रुपया. नंबर टाकलात की नाव येतं, ते मुलाचंच आहे का बघा, आकडा टाका, पिनच्या पानावर नाव आणि आकडा परत वाचा, पिन टाका. मग लगेच दोन गोष्टी बघा, अ‍ॅपमधली नोंद आणि बँकेचा एसएमएस. मग त्याला सांगा मला एक रुपया परत पाठव, आणि नीट लक्ष द्या की पैसे आले तेव्हा तुम्हाला काहीच करावं लागलं नाही, पिन नाही, ओटीपी नाही, फोन हातातसुद्धा घ्यावा लागला नाही. मी वर जे सांगितलं ते हे असं एकदा स्वतः बघितलं की कोणी सैन्यातला येऊ दे नाहीतर बँकेतला, तुम्ही हलणार नाही. आठवडाभर एवढंच करा. मग वाण्याला, मग लाइटबिल. लाइटबिल भरायला लागलात की तालुक्याची एक फेरी तरी कमी होते आणि तिथून पुढे कोणी शिकवावं लागत नाही.

शिकवायला मुलगा गणपतीला येईल तेव्हा शेजारी बसवा, फोन तुमच्याच हातात ठेवा आणि त्याला फक्त तोंडाने सांगू दे. आपली मुलं काय करतात, फोन ओढून घेतात, दोन मिनिटांत करून देतात आणि म्हणतात झालं, बघितलंस ना. ते शिकवणं नाही. आणि मुंबईहून शिकवायला म्हणून एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असली स्क्रीन दाखवणारी अ‍ॅप घालून घेऊ नका, मुलासाठी पण नाही, कारण चोर हेच अ‍ॅप घालायला लावतात आणि एकदा त्याची सवय झाली की मुलगा कोण आणि दुसरा कोण हे कळत नाही.

रेंजचं आणखी एक. पावसात मधेच रेंज गेली की व्यवहार लटकतो, तुमच्या खात्यातून गेले आणि समोरच्याला आले नाहीत. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पाठवायचं नाही. दुसऱ्या माणसाला पाठवलेले असे अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला पाहिजेत असा नियम आहे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, दुकानाच्या क्यूआरवर पाठवले असतील तर पाच दिवसांपर्यंत थांबावं लागतं. आणि या काळात गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायचा नाही. हे मी परत लिहितो, शोधायचा नाही. तिथे चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेत, पैसे अडकलेला माणूस आधीच घाबरलेला असतो, तो त्यांच्याच हातात जाऊन पडतो. तक्रार अ‍ॅपमध्येच त्या व्यवहारावर बोट ठेवून करता येते, नाहीतर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. बँकेची वेबसाईट उघडायची झाली तर पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' आहे का बघा, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं आणि ते नाव बँकेशिवाय कोणाला मिळत नाही.

बाकी फसवणुकीचे प्रकार किती लिहू, रोज नवा निघतो. महावितरणच्या नावाने मेसेज येतो की बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा. पीएम किसानचा हप्ता अडकलाय म्हणून फाईल येते, लग्नपत्रिका म्हणून येते, गाडीचं चलन म्हणून येते, नावाच्या शेवटी एपीके असं असलं की ती पत्रिका नाही, ते अ‍ॅप आहे, दाबलं की तुमचे एसएमएस दुसरीकडे जायला लागतात. ग्रामीण बँकेच्या खातेदारांना तर जास्तच सांभाळायला पाहिजे, विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एक झाली, आणि असं काही बदललं की 'नवीन बँकेसाठी केवायसी करा' म्हणणाऱ्या फोनवर माणसाचा पटकन विश्वास बसतो. प्रकार वेगळे, पण सगळ्यात दोन गोष्टी सारख्या असतात: त्यांना घाई असते, आणि ते तुम्हाला फोन ठेवू देत नाहीत. तर फोन ठेवायचा. उद्धटपणा वाटेल, वाटू दे. खरा बँकवाला असेल तर तुम्ही शाखेत फोन केल्यावर भेटेलच. आता बँकांना असे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायला लावलंय, साध्या दहा आकडी मोबाईलवरून 'बँकेतून बोलतोय' आला की तिथेच संशय घ्या, आणि १६०० वरून आला तरी ओटीपी द्यायचा नाहीच.

"निस्तरणार कोण" विचारलंत त्याचं उत्तर. पैसे गेले असं वाटलं त्या क्षणी १९३० ला फोन, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळवतात, वाटेत कुठे सापडले तर गोठवता येतात, म्हणून पहिला तास-दोन तास फार मोलाचे असतात, नातेवाईकांना विचारत बसायचं नाही. लगेच पाठोपाठ बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगायचं आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा. सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवरची लेखी तक्रार नंतर मुलगा डोंबिवलीहून भरू शकतो, हे काम त्याला जरूर द्या. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. हे दोन्ही नंबर आणि शाखेचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ लावा, फोनमध्ये सेव्ह नको, फोनच बंद पडला तर काय. आणि कोणी फसलं तर लाजेने गप्प बसतात लोक, तुमच्या वाडीतल्या त्या बागायतदारांनी पण आठवडाभर घरी सांगितलं नव्हतं म्हणता, त्या आठवड्यात बरंच काही हातातून जातं. ते मूर्ख नव्हते, समोरचा रोज हेच काम करतो, असं त्यांना कोणीतरी जाऊन सांगायला हवं.

राहिला पुतण्या. तुम्ही लिहिलंय की क्यूआर काढ म्हटलं तर त्याला वाटेल काकूला माझ्यावर विश्वास नाही. मग विश्वासाचं बोलूच नका, त्याच्या अडचणीचं बोला, कारण ती खरी आहे. तुमच्या खोल्यांचं भाडं त्याच्या खात्यात दिसतंय, उद्या कोणी विचारलं तर ते उत्पन्न त्याचंच धरलं जाणार. आणि दुसरं जास्त गंभीर: एखाद्या पर्यटकाने फसवणुकीतले पैसे दिले तर तपासात ते ज्या खात्यात गेले ते खातं गोठवलं जातं किंवा तेवढी रक्कम अडकवून ठेवतात, मग त्याचा पगार, त्याचा हप्ता सगळं अडकणार आणि त्याला बिचाऱ्याला पर्यटक कोण होता तेही माहीत नसणार. तुमच्या खात्यात आले तर निदान तुमच्याकडे पाहुण्यांचं रजिस्टर आहे, आधारची झेरॉक्स आहे, दाखवायला काहीतरी आहे. हे त्याला असं सांगा, तो समजेल. नवीन छोट्या खात्याचा क्यूआर अ‍ॅपमधूनच मिळतो, प्रिंट काढून प्लास्टिकमध्ये घालून लावता येतो. पाहुण्याने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर तो धरायचा नाही, स्वतःच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसले की मगच खोलीची किल्ली द्यायची, स्क्रीनशॉट खोटे बनवणारी अ‍ॅप निघालीत. 'चुकून जास्त पाठवले, परत करा' असा फोन आला तर आधी बॅलन्स बघायचा, आलेल्या एसएमएसवर जायचं नाही, तोही खोटा पाठवतात. खरंच जास्त आले असतील तर त्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा, बँकेमार्फत परत जातील.

आणि हे सगळं आत्ता पावसाळ्यात करून घ्या. दिवाळीला पर्यटक सुरू झाले आणि पुढे मार्चमध्ये पेट्या निघायला लागल्या की तुम्हाला शाखेत जायला वेळ मिळणार नाही. नंबर बदलायची फेरी पुढच्या आठवड्यात मारा. पुतण्याला बरोबर न्या, फॉर्म भरायला हात होईल आणि पडवीतला जुना क्यूआर काढून नवा लावायचं कामही त्यालाच सांगा.